छोटा ट्रॅक्टर घ्यावा की भाड्याने आणावा?

दसरा किंवा दिवाळीचा पाडवा आला की तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या दुकानांपुढे मांडव पडतात. झेंडूच्या माळा घातलेले नवेकोरे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, घरची सून बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढते आणि सगळे कुटुंब फोटोसाठी उभे राहते. गेल्या काही वर्षांत या ओळीत एक फरक दिसू लागला आहे. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या धिप्पाड ट्रॅक्टरांच्या शेजारी कमरेएवढ्या उंचीचे, जेमतेम तीन फूट रुंदीचे छोटे ट्रॅक्टरही माळा घालून उभे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खेळणे वाटते. पण त्यांची किंमत खेळण्यासारखी नसते. पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तीन-साडेतीन लाखांपर्यंत पडतो आणि पंचवीसच्या आसपासचा पाच लाखांच्या पुढे जातो.

छोट्या ट्रॅक्टरची गरज मात्र खोटी नाही. देशाच्या कृषिगणनेनुसार १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी २.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.०८ हेक्टरवर, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही खाली आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, गडी मिळेनासे झाले. बैलजोडी सांभाळायची तर वर्षभर वैरण, पाणी, गोठा आणि रोज पहाटे उठणारे माणूस लागते. जोडीची किंमतही आता लाखाच्या घरात गेली आहे. तेव्हा चार-पाच एकरांचा शेतकरी छोट्या ट्रॅक्टरकडे पाहतो, यात नवल काही नाही.

प्रश्न निराळाच आहे. दुकानात गेल्यावर पहिला सवाल येतो, ''दादा, किती एचपीचा दाखवू?'' आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. अश्वशक्ती ही शेवटून दुसरी विचारायची गोष्ट आहे. त्याआधी घरच्या घरी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे : आपल्या शेतातले कोणते काम थांबू शकत नाही?

दोन पाच-एकरी शेतकरी

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी किंवा निफाड भागातला पाच एकर द्राक्षबागेचा मालक आणि मराठवाड्यातला पाच एकर सोयाबीन-तुरीचा मालक, सातबाऱ्यावर दोघांची जमीन सारखीच. यंत्राच्या हिशोबात मात्र ते दोन वेगळ्या जगांतले आहेत.

द्राक्षाची ऑक्टोबरमधली गोडी छाटणी झाली की फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. नऊ-दहा फुटांवर वेलींच्या ओळी असतात. दहा फुटी ओळी धरल्या तर एका एकरात ओळींची लांबी सव्वातेराशे मीटर भरते. ताशी चार किलोमीटरच्या चालीने फवारणी-ब्लोअर ओढला तर नुसत्या चालण्याला वीस मिनिटे लागतात. वळणे, टाकी भरणे, औषध कालवणे धरून एकराला अर्धा तास सहज जातो. पाच एकरांना एका फवारणीचे अडीच-तीन तास झाले. हंगामात तीस-चाळीस फवारण्या करणारे बागायतदार कमी नाहीत. म्हणजे फवारणीचेच शे-सव्वाशे तास झाले. त्यात ओळींमधली मशागत, शेणखताची वाहतूक, मालाचे क्रेट बाहेर काढणे मिळवले की वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे तास होतात.

हे तास फार नाहीत. ट्रॅक्टर फायद्यात राहायचा तर वर्षाला हजार तास काम हवे, असे माप बँका आणि शेतीचे अर्थतज्ज्ञ पूर्वीपासून धरत आले आहेत. त्या मापाने द्राक्षवाल्यानेही ट्रॅक्टर घेऊ नये. पण इथे तासांपेक्षा वेळ महत्त्वाची असते. फुलोऱ्याच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, पाने ओली राहिली, की डावणीचा रोग एका रात्रीत बागेत शिरतो. फवारा दुसऱ्या दिवशी पहाटेच बसला पाहिजे. त्या पहाटे गावातल्या प्रत्येक बागेला ब्लोअर हवा असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला एकच असतो. तो परवा आला तर त्याचा काही उपयोग नाही. वर्षाचे पीक त्या एका दिवसावर अवलंबून असेल, तर स्वतःचा ट्रॅक्टर ही चैन राहत नाही.

सोयाबीनवाल्याची गोष्ट पाहा. उन्हाळ्यात खोल नांगरट हवी, पण ती छोट्या ट्रॅक्टरचे काम नव्हेच. काळ्या जमिनीत पलटी नांगर ओढायला चाळीसच्या वरचा ट्रॅक्टर लागतो आणि तो एकरी दराने गावात मिळतो. मग वखराच्या एक-दोन पाळ्या, पेरणी, दोन कोळपण्या (विदर्भात डवरणी म्हणतात), चार-दोन फवारण्या आणि मळणीनंतरची वाहतूक. छोट्या ट्रॅक्टरला यातले पन्नास-साठ तासांचे काम येते. वाफसा आल्यावर पेरणीला घाई असते हे खरे, पण त्या दोन-तीन दिवसांसाठी शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून आधीच ट्रॅक्टर ठरवून ठेवला तर भागते. भाड्यात काटकसर होते आणि सातबारा कोरा राहतो.

तासाला किती पडतो?

हा हिशोब कागदावर मांडण्यासारखा आहे, आणि तो मांडायला घरातली दहावी झालेली मुलगीसुद्धा पुरे. समजा अवजारे सोडून साडेचार लाखांचा ट्रॅक्टर घेतला. पन्नास हजार रोख भरले, चार लाखांचे कर्ज काढले. व्याजाचा दर बँकेगणिक आणि माणसागणिक बदलतो. उदाहरणापुरता ११ टक्के धरू. पाच वर्षांत सहामाही दहा हप्त्यांनी फेडायचे तर प्रत्येक हप्ता सुमारे ५३ हजारांचा येतो आणि व्याजापोटी एकूण एक लाख तीस हजारांच्या वर जातात.

दहा वर्षांनी तो ट्रॅक्टर लाखभराला विकला गेला असे धरले, तर झिजेचे वर्षाला ३५ हजार पडले. व्याज दहा वर्षांवर वाटले तर वर्षाचे १३ हजार. विमा, तेलपाणी, टायर, दुरुस्ती यांना सरासरी ३० हजार ठेवावेत. बेरीज ७८ हजार, सोयीसाठी ८० हजार म्हणू. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी हा खर्च व्हायचाच. वर्षाला हजार तास चालला तर तासाला ८० रुपये पडतात. द्राक्षवाल्याचे सव्वादोनशे तास झाले तर साडेतीनशेच्या आसपास. सोयाबीनवाल्याचे साठ तास झाले तर तेराशेच्या वर! यात डिझेल वेगळे. पंधरा-अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मध्यम कामात तासाला दीड ते अडीच लिटर डिझेल पितो. हा आकडा आपल्या गावातल्या भाड्याच्या दराशेजारी लिहून पाहिला की घरातला अर्धा वाद आपोआप मिटतो.

''आपला झाल्यावर आपणही भाड्याने देऊ की,'' असे घरातला तरुण मुलगा हमखास म्हणतो. देता येईल, पण छोट्या ट्रॅक्टरला भाड्याचे काम कुठे मिळते हे आधी पाहावे. जिथे बागा आहेत, पाच फुटी सरीचा ऊस आहे, हळद आहे, तिथे ओळीत शिरणाऱ्या यंत्राला मागणी असते. कोरडवाहू पट्ट्यात लोक मोठा ट्रॅक्टरच बोलावतात, कारण तो तेच काम निम्म्या वेळात उरकतो.

हप्त्यांची तारीखही पिकाशी जुळली पाहिजे. माल मार्चमध्ये निघतो आणि हप्ता डिसेंबरात येतो, अशी गाठ पडली की सावकाराचे दार दिसते. बँकेचे कर्ज जमीन गहाण ठेवून असेल तर बोजा सातबाऱ्यावर चढतो. खासगी फायनान्सवाला जमिनीकडे पाहत नाही, पण दोन हप्ते चुकले तर ट्रॅक्टर ओढून नेतो. ज्या अंगणात पेढे वाटले, त्याच अंगणातून भरदिवसा ट्रॅक्टर नेला जाणे हा घरच्या माणसांना पैशापेक्षा मोठा घाव असतो. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या बाईला हप्त्याचा महिना माहीत असावा. मुलांची फी, लग्नकार्य आणि दवाखाना यांचा हिशोब बहुधा तिच्याच डोक्यात असतो.

काठी घेऊन शेतात

घ्यायचे ठरले, की दुकानात जाण्याआधी एक काठी आणि मोजपट्टी घेऊन शेतात जावे. दोन ओळींमधले कागदावरचे अंतर उपयोगाचे नाही. डाळिंबाची लागण चौदा फुटांवर असली तरी चौथ्या वर्षी फांद्या पसरून वाट सहा-सात फुटांचीच उरते. माल लागला की फांद्या वाकून ती आणखी चिंचोळी होते. सर्वांत अरुंद जागा, सर्वांत वाईट महिन्यात मोजावी. ट्रॅक्टरच्या रुंदीला दोन्ही बाजूंनी निदान फूटभर मोकळी जागा सुटली पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला फळे गळतील. आणि मोजायची ती ट्रॅक्टर आणि अवजार यांतली जास्त असलेली रुंदी.

द्राक्षाच्या मांडवात उंचीचाही प्रश्न येतो. मांडवाची तार सहा-साडेसहा फुटांवर असते. धुरांडे बॉनेटवर उभे असेल तर ते तारेत अडकते आणि गरम धूर थेट घडांवर जातो. बागेसाठी बनवलेल्या ट्रॅक्टरात धुरांडे खालून किंवा बाजूने काढलेले असते. चालवणाऱ्याला बसून पाहू द्यावे. सीटवर बसल्यावर त्याचे डोके तारेच्या किती खाली राहते, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ओळीच्या टोकाला वळायला जागा किती, हेही पाहावे. कडेच्या खांबांचे ताण जमिनीत पुरलेले असतात आणि त्यांच्यापुढे बांध किंवा शेजाऱ्याचे कुंपण असते. तिथे ट्रॅक्टर एका दमात वळला नाही, तर प्रत्येक ओळीला मागे-पुढे करण्यात दिवस जातो.

कोकणातल्या भातखाचरांत हेच मोजमाप केले तर उत्तर बहुतेक वेळा 'ट्रॅक्टर नको' असे येते. खाचरे लहान, एकाखाली एक, मध्ये उंच बांध. तिथे हाताने धरून चालवायचा पॉवर टिलर बरा. दोन माणसे लावून तो बांधावरून पलीकडे नेता येतो. बेंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने स्थापन झाली, ती आधी पॉवर टिलरमुळेच घराघरांत पोचली. छोट्या ट्रॅक्टरात तिचे नाव झाले ते नंतर.

कोणाचा घ्यावा?

बाजारात आता निवड भरपूर आहे. राजकोटच्या कॅप्टन कंपनीने नव्वदीच्या दशकात छोट्या ट्रॅक्टरावरच भर दिला. सौराष्ट्रातल्या शेतकऱ्याला छोटे यंत्र नवे नव्हतेच. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी त्याच सुमारास मोटरसायकलला मागे दोन चाके जोडून कोळपणीचे 'बुलेट सांती' तयार केले आणि ते पुढे देशभर गाजले. महिंद्राचे युवराज आणि जिवो, स्वराजचे ७१७, जपानी कुबोटाचे निओस्टार, व्हीएसटीचे शक्ती, सोनालिका, आयशर, न्यू हॉलंड अशा बहुतेक कंपन्यांनी पंधरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीच्या दरम्यान काही ना काही आणले आहे. सोनालिकाने २०२० च्या डिसेंबरात विजेवर चालणारा टायगरही आणला. त्याचा विचार करणाऱ्याने एवढेच पाहावे की शेतावरच्या वाहिनीला वीज किती वाजता येते. ती रात्री दोनला येत असेल, तर बॅटरी भरायला कोणीतरी रात्री दोनला उठायला हवे.

यातला अमुकच घ्या असे सांगणे फसवे ठरेल. पारख कशी करावी, हे सांगता येते.

पहिली गोष्ट पीटीओची. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, त्यावर रोटाव्हेटर, ब्लोअर, पंप चालतात. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, पण अवजाराला मिळते ती पीटीओची आणि ती इंजिनापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी भरते. तेव्हा अवजार आधी ठरवावे, त्याला पीटीओवर किती शक्ती लागते ते अवजारवाल्याला विचारावे आणि मग ट्रॅक्टरकडे वळावे. पंधरा-अठराच्या ट्रॅक्टरला तीन फुटांच्या आतबाहेरचा रोटाव्हेटर पेलतो. चार फुटी जोडला तर इंजिन कण्हते, डिझेल जळते आणि माती ढेकळांचीच राहते. पाचशे-सहाशे लिटर टाकीचा ब्लोअर ओढायचा असेल तर वजनाचाही विचार हवा. भरलेल्या टाकीत पाण्याचेच पाच-सहाशे किलो होतात आणि पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः आठशे किलोच्या आसपास असतो. उतारावर ब्रेक लावला की मागचे वजन पुढच्याला ढकलते. चढउताराच्या बागेत अशी टाकी ओढायला वीस-चोवीसचा आणि चारही चाकांना जोर असलेला, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर सुरक्षित.

फोर व्हीलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, हा वाद पारावर नेहमी रंगतो. मुरमाड, निचऱ्याच्या, सपाट रानात टू व्हील पुरतो. काळ्या चिकण रानात, ठिबकखाली सदा ओल असलेल्या बागेत हलका ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवतो. तिथे फोर व्हीलचे पैसे दोन हंगामांत वसूल होतात. हलक्या ट्रॅक्टरचा खरा फायदाही ओल्या रानातच आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरने वेलींच्या मुळांवरची माती दाबून टाकली की ती पुन्हा भुसभुशीत करायला फार कष्ट पडतात.

एका सिलिंडरचे इंजिन साधे असते, तालुक्याचा मेकॅनिक ते डोळे मिटून खोलतो. पण ते थरथरते. तीन सिलिंडरचे गुळगुळीत चालते, मात्र दुरुस्ती महाग पडते. वर्षाला साठ तास बसणाऱ्याला थरथर चालून जाईल, चाळीस पहाटा तीन-तीन तास बसणाऱ्याच्या कमरेला ती चालणार नाही. क्लच एकेरी आहे की दुहेरी, हेही विचारावे. एकेरी क्लच दाबला की चाके आणि पीटीओ दोन्ही थांबतात, त्यामुळे गिअर बदलताना फवारा तुटतो. दुहेरी क्लचमध्ये चाके थांबली तरी ब्लोअर चालू राहतो.

हे सगळे विक्रेत्याच्या शब्दावर सोडायची गरज नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. पीटीओची खरी शक्ती, डिझेलचा खप, उचलण्याची ताकद, ब्रेकची परीक्षा, चालकाच्या कानापाशी होणारा आवाज, हे सारे तिथे मोजून अहवालात छापले जाते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. तो इंग्रजीत असतो, पण आकडे सर्वांना वाचता येतात. अहवाल मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार जरा जपून बोलतो, हा आणखी एक फायदा.

सर्वांत चांगली परीक्षा मात्र शेजारच्या गावात होते. तोच ट्रॅक्टर तीन वर्षे वापरलेल्या दोघा-तिघांना गाठावे आणि एकच विचारावे, ''हंगामात बंद पडला तेव्हा सुटा भाग किती दिवसांनी मिळाला?'' कितीही चांगला ट्रॅक्टर असला आणि सुटा भाग शंभर कोसांवरून यायचा असला, तर द्राक्षवाल्याच्या दृष्टीने तो वाईटच.

अनुदान आणि किमतीची गंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी तीन लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरमागे २१ हजार रुपये वाचले. जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर हे लक्षात असू द्यावे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत २०१४-१५ पासून अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान ठेवले आहे. महाराष्ट्रात त्यासाठीचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. 'सरकार अर्धी किंमत देते' असे लोक म्हणतात ते अर्धेच खरे आहे. अनुदानाला रुपयांत कमाल मर्यादा असते, त्यामुळे प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम अर्ध्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी भरते. आणि एक अट विसरून चालत नाही : आधी पूर्वसंमती, मग खरेदी. मुहूर्त गाठायच्या घाईत पाडव्याला ट्रॅक्टर घरी आणला आणि संमती नंतर आली, तर अनुदान गेले. अनुदान जमा होते तेही खरेदीनंतर, म्हणून ते मिळाले नाही तरी हप्ता फेडता येईल असाच हिशोब असावा. शेती पत्नीच्या नावावर असेल तर अर्जही तिच्या नावाने करावा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी महाराष्ट्राच्या समाजकल्याण खात्याची वेगळी योजना आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत छोटा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे मिळून ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान, आणि गटाचा हिस्सा १० टक्के. गटात ट्रॅक्टर आला की चावी कोणाकडे राहणार, डिझेल कोण टाकणार आणि पेरणीच्या दिवशी आधी कोणाचे रान, हे पहिल्याच बैठकीत लिहून घेतले नाही, तर गट फुटायला एक मृग नक्षत्र पुरते.

दुकानातल्या दरात अवजारे नसतात हेही नवख्याच्या ध्यानात येत नाही. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, ट्रॉली, ब्लोअर घेता घेता आणखी दोन-तीन लाख उडतात. चांगला ब्लोअर एकटाच दोन लाखांच्या घरात जातो. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहावे आणि असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तासांचे मीटर कमी दाखवत असेल, पण पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा.

पदर, पोरे आणि विहीर

छोटा ट्रॅक्टर दिसतो लहान, म्हणून घरची माणसे त्याला भीत नाहीत. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा त्यात सापडला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावर प्लॅस्टिकचे संरक्षक कवच येते. साफसफाईला अडचण होते म्हणून ते पहिल्याच महिन्यात काढून फेकले जाते. ते फुटले तर नवे आणावे, आणि इंजिन चालू असताना दांड्याजवळ कोणी जाऊ नये, हा घरचा नियम करावा.

मडगार्डवर बसून शेताला जाणे हा मुलांचा आवडता खेळ. ट्रॅक्टरला सीट एकच असते, कारण तो एकाच माणसासाठी बनवलेला असतो. खड्ड्यात धक्का बसला की मडगार्डवरचे मूल मागच्या चाकापुढे पडते. उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान, जिला रोप्स म्हणतात, ती मिळत असेल तर जरूर घ्यावी. मांडवात ती तारेला अडते, म्हणून बागेसाठी दुमडणारी मागावी आणि मांडवाबाहेर आल्यावर उभी करावी. ओढायचे ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. वर बांधलेल्या ओझ्याने पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो.

फवारणी करताना चालक औषधाच्या ढगापुढेच बसलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन जे मृत्यू झाले, ते अजून कोणी विसरलेले नाही. तोंडाला गमचा बांधणे म्हणजे मास्क नव्हे. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वारा पाहून ओळ धरणे, याला ट्रॅक्टरच्या किमतीपुढे काहीच पैसे पडत नाहीत. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

ट्रॉलीत माणसे बसवण्याची सवय तर सर्रास आहे. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात हळदीच्या कामाला मजूर बायकांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणी बुडाल्या. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे शिवाराशिवारांत आहेत. ट्रॅक्टर घरी येण्याआधी आपल्या रानातल्या विहिरीला कठडा बांधून घ्यावा, निदान भोवती दगडांची उंच रांग तरी रचावी. ट्रॉलीतल्या माणसांना सहसा विम्याचे संरक्षण मिळत नाही. चालवणाऱ्याकडे परवाना आणि ट्रॅक्टरला चालू विमा नसेल तर अपघातानंतरची भरपाई शेवटी जमिनीतूनच द्यावी लागते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते, हेही पुष्कळांना अपघात झाल्यावरच कळते.

ताबा घेताना इंजिन आणि चासीचा नंबर बिलाशी ताडून घ्यावा. बिलावर लिहिलेला प्रत्येक जोडभाग मोजून घ्यावा. पहिले पन्नास तास इंजिनावर जड काम लादू नये, म्हणजे नव्या ट्रॅक्टरला लगेच रोटाव्हेटर जोडून शेजाऱ्याचे रान करून द्यायला जाऊ नये. पन्नास तास भरले की पहिली सर्व्हिसिंग करावी आणि तेल समोर उभे राहून बदलून घ्यावे. काढलेल्या तेलात लोखंडाचा चुरा चमकताना दिसला तर तो मेकॅनिकला दाखवून, हमीच्या पुस्तकात तारखेसह नोंदवून घ्यावा.